गाडी लॉक आहे

"हे घर हाय, साहेब. घराला कुठं वेगमर्यादा असती का?"

यशवंत डुबल यांनी माझ्या टेबलावर आधी दंडाची नोटीस ठेवली, तिच्यावर गाडीचे कागद ठेवले आणि सगळ्यांच्या वर एक जाडजूड पुस्तक ठेवलं. मोटार वाहन कायदा व नियम, मराठी अनुवादासह. पानापानांतून एस.टी.च्या जुन्या तिकिटांच्या खुणा डोकावत होत्या. मी मोटार वाहन निरीक्षक होतो. एकोणीस वर्षांच्या नोकरीत लोकांनी माझ्यासमोर मोठमोठ्यांच्या चिठ्ठ्या ठेवल्या होत्या, पेढ्यांचे पुडे ठेवले होते, एकाने तर पिशवीतून जिवंत कोंबडा आणला होता. नियमांचं पुस्तक मात्र पहिल्यांदाच कुणी आणलं होतं.

"घराला वेगमर्यादा नसते," मी म्हणालो. "पण घर ताशी चौऱ्याऐंशीने धावतही नाही."

मागच्या बाकावरून एका बाईचं हसू ऐकू आलं. तिथे त्यांची पत्नी, शालनवहिनी, मांडीवर कापडी पिशवी घेऊन बसल्या होत्या. डुबलांनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं आणि त्या गप्प झाल्या, पण डोळे हसतच राहिले.

ऑफिस कुठलं ते मी सांगत नाही. उसाच्या पट्ट्यातलं एक जिल्ह्याचं गाव म्हणा. त्या दिवशी मी जे केलं ते नोकरीत बसणारं नव्हतं, आणि माझ्यासारख्या माणसाकडून ते होईल असं तिथल्या कुणालाच वाटलं नसतं. माझ्या पाठीमागे मला 'पोटकलम' म्हणत. बायको म्हणायची, जेवताना मीठ मागितलं तर हा माणूस कुठल्या नियमान्वये म्हणून विचारेल. मला यात काही वाईट वाटत नसे. नियम हातात असला की माणसाकडे पाहावं लागत नाही, ही त्यातली मोठी सोय होती.

"तुमची गाडी कागदावर सतरा सीटांची मिनीबस आहे," मी त्यांना समजावलं. "ज्या रस्त्यावर कॅमेऱ्याने फोटो काढला तिथे बसला साठाची मर्यादा आहे, मोटारीला सत्तरची."

"पर बस ऱ्हायलीच कुठं? सतरा सीटा म्या काढून टाकल्या. आत पलंग हाय, ओटा हाय, कपाट हाय." त्यांनी पुस्तक उघडलं. खूण बरोबर त्याच पानावर होती. "हितं लिवलंय बघा. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन. ही वाहतुकीच्या गाड्यांत येत न्हाय. म्हंजी मोटारीच्या रांगंत. आन् तिला वेग बांधायचा गव्हर्नरबी लागत न्हाय."

मी पान वाचलं. माणूस पक्का होता. "बरोबर आहे. गाडीची कॅम्पर म्हणून नोंद करण्याचा तुमचा अर्ज मंजूर झाला, तर पुढे तुम्हाला सत्तर मिळतील. पण डुबल, फोटोत चौऱ्याऐंशी आहेत. बस धरा, मोटार धरा, दोन्हीकडून तुम्ही चुकलेलेच."

"तो कॅमेरा खोटा हाय."

"सगळे तेच म्हणतात."

"सगळ्यांची गाडी लॉक नसती साहेब. माझी हाय." ते ताठ झाले. "एकतीस वर्सं एस.टी. चालवली. एक कुत्रं माझ्या चाकाखाली आलं न्हाय. ही मिनीबस एका कंपनीच्या लिलावातनं घेतली, तवाच बघितलं, खाली गव्हर्नरचा डबा हाय. नियमानं लागत नसला तरी म्या काढला न्हाय. साठाच्या वर ही गाडी जातच न्हाय."

ज्यांनी एस.टी.तून प्रवास केला आहे त्यांना लॉक म्हणजे काय ते सांगायला नको. गाडीची गती ठरावीक आकड्याला बांधून ठेवलेली असते. प्रवासी मागून ओरडतात, "मामा, जरा दाबा की!" आणि ड्रायव्हर मागे न बघता एकच उत्तर देतो, "गाडी लॉक आहे." उशिराचं, रटाळपणाचं, सगळ्याचं उत्तर तेच. मी स्वतः कॉलेजात असताना ते उत्तर ऐकून शिव्या घातल्या आहेत.

"चला, गाडी बघू," मी उठलो.

गाडी आवारात कडुलिंबाखाली उभी होती. बाहेरून पांढरी, खिडक्यांना शालनवहिनींच्या जुन्या साड्यांचे पडदे. आत शिरलो आणि खरं सांगायचं तर मी जरा हरखलो. एवढ्याशा जागेत त्यांनी सगळं बसवलं होतं. एका बाजूला ओटा, त्यात शेगडी बोल्टने आवळलेली. गॅसची टाकी लोखंडी पट्ट्यात. ओट्यावर फळी, फळीवर स्टीलचे डबे ओळीने, पुढे आडवी दांडी. पलंग घडीचा नव्हता, जमिनीला पक्का. मी टेप काढून लांबी मोजली, टाकीचं अंतर मोजलं, दाराची उघडझाप पाहिली. कुठेही बोट ठेवायला जागा नव्हती.

ड्रायव्हरसमोर डॅशबोर्डावर दोन स्क्रूंनी एक पितळी बिल्ला पक्का केलेला होता. विनाअपघात सेवेचा. घासून लखलखीत ठेवलेला.

"च्या घेता का साहेब?" शालनवहिनींनी शेगडी पेटवायला काडी हातात घेतलीच होती.

"तपासणी चालू असताना मी काही घेत नाही."

"मंग तपासणी झाल्यावर."

"झाल्यावरही नाही."

त्यांनी काडी पेटीत परत ठेवली. ओट्याच्या वर, डब्यांच्या शेजारी, वहीचा एक कागद चिकटवलेला मला दिसला. त्यावर गावांची नावं होती, एकाखाली एक. काही नावं मी कधी ऐकलीही नव्हती.

"हे काय?"

"वस्तीची गावं," वहिनी म्हणाल्या. "ह्यांच्या वस्तीच्या गाड्या असायच्या. रात्री शेवटच्या गावाला गाडी मुक्कामी न्यायची आन् पहाटं घिऊन यायची. हप्त्यातनं चार रात्री हे भायेर. त्रेचाळीस गावं झाली. कुठं देवळात झोपायचं, कुठं गाडीच्या टपावर. मी घरी पोरास्नी घिऊन. मी म्हनलं, तुमच्या समद्या रात्री त्या गावांनी नेल्या. मला दाखवा तरी ती गावं कशी हायती."

"म्हनून घर घिऊन निघायचं," डुबल म्हणाले. "एकेका गावात एकेक रात्र मुक्काम. दोघांनी." एवढं बोलून ते उगीचच टायर बघायला खाली उतरले.

मला खालीलप्रमाणे दिसत होतं. गाडी कॅम्परमध्ये बसत होती, अर्ज मंजूर व्हायला हरकत नव्हती. प्रश्न त्या चौऱ्याऐंशीचा होता. नोटिसीवर शेरा मारायचं काम माझ्याकडे आलं होतं, आणि मी 'वेगमर्यादेचा भंग, चालकाचे वय चौसष्ट' असा शेरा मारला असता तर लायसन निलंबित झालं असतं. त्या वयात एकदा गेलेलं लायसन परत येत नाही. पुन्हा चाचणी, पुन्हा डॉक्टर, पुन्हा हेलपाटे. आणि शालनवहिनी गाडीच्या दोन पायऱ्या चढताना दांडी धरून मध्ये थांबल्या होत्या, ते मी पाहिलं होतं. त्रेचाळीस गावं पुढे ढकलण्याइतके त्यांचे गुडघे चांगले नव्हते.

"चाचणी घेऊ," मी म्हणालो. "कारखान्याच्या रस्त्याने जाऊन येऊ. गाडी साठाच्या वर जात नाही हे मला दाखवा, मी तसं लिहीन."

"दावतो की," डुबल म्हणाले. त्यांचा चेहरा खुलला. मी त्यांना न्याय द्यायला निघालो आहे असं त्यांना वाटलं. मलाही तसंच वाटत होतं.

मी त्यांच्या डावीकडे बसलो. वहिनी मागे, टेबलापाशी. डुबलांनी स्टिअरिंगला हात लावून तो कपाळाला लावला आणि गाडी काढली. मी शेकडो लोकांच्या चाचण्या घेतल्या आहेत. असं चालवणं मी फार थोड्यांचं पाहिलं. गिअर कधी पडला ते कळायचं नाही. गावातून जाताना ते प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी पाय ब्रेकवर आणून ठेवत होते. एका शाळेसमोर थांबले, पोरांना जाऊ दिलं, हात बाहेर काढून मागच्याला खूण केली. मी मनातल्या मनात शेरा लिहायलाही सुरुवात केली होती.

नाका ओलांडला, रस्ता मोकळा झाला. दोन्हीकडे ऊस. डुबल सैल होऊन बसले आणि बोलू लागले.

"त्या कागदावर चौदाव्या नंबरचं गाव हाय न्हवं, तिथं एक म्हातारी व्हती. वस्तीच्या गाडीची वाट बघायची. कंडक्टरला आन् मला भाकरी आणून द्यायची. कुनी नव्हतं तिला..."

ते बोलत होते आणि त्यांचा उजवा पाय खाली चालला होता. सावकाश, धसमुसळेपणा नाही, जेवायला बसताना पाय पाटाशी घ्यावा तसा. पॅडल तळाला टेकलं आणि पाय तिथेच विसावला.

काटा पन्नासवर गेला. साठवर गेला. साठला त्यांचे खांदे खाली आले, जणू आता काम झालं, आता गाडी आपली आपण जाणार. इंजिन मात्र थांबलं नाही. सत्तर. पंचाहत्तर. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. ते शांत होते. समोर रस्त्याकडे बघत ते त्या म्हातारीच्या भाकरीबद्दल सांगत होते, लोणच्याबद्दल सांगत होते. काट्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. एकतीस वर्षं लॉक असलेल्या गाडीत काटा कोण बघतो?

तेव्हा मला कळलं. हा माणूस खोटं बोलत नव्हता. त्याच्या पायाला जमीन एवढीच माहीत होती. एकतीस वर्षं त्याने पाय तळाला टेकवला होता आणि साठाचा आकडा दुसऱ्या कुणीतरी सांभाळला होता. अर्धा पाय कसा द्यायचा हे त्याला कधी शिकावंच लागलं नव्हतं. कॅमेरा खरा होता आणि माणूसही खरा होता.

मी "डुबल" म्हणायला तोंड उघडलं, आणि उसाच्या शेतातून ट्रॅक्टर बाहेर आला. मागे उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या. बैलगाडीच्या गतीने तो रस्ता आडवा भरून वळत होता.

डुबलांनी ब्रेक मारला. दुसरा कुणी असता तर मी हे सांगायला राहिलो नसतो. गाडी जराही तिरकी झाली नाही, सरळ रेषेत खाली बसत गेली आणि मागच्या ट्रॉलीपासून हातभर अंतरावर उभी राहिली. मागे फळीवरचे सगळे डबे दांडी तोडून खाली आले. तो आवाज बराच वेळ चालला होता, शेवटचं एक झाकण गोल गोल फिरत राहिलं. ट्रॅक्टरवाला वर बसून काहीतरी शिवी देऊन निघून गेला.

"शालन?" डुबल मागे न बघता म्हणाले.

"काय न्हाय झालं मला. रवा सांडला."

ते स्टिअरिंग धरून तसेच बसले होते.  मग खालच्या आवाजात त्यांनी विचारलं, "कितीचा स्पीड व्हता?"

मी काट्याकडे पाहत होतो. तो आता शून्यावर होता, पण ट्रॅक्टर दिसला त्या क्षणी कुठे होता ते मला पक्कं ठाऊक होतं. मी काही बोलायच्या आत मागून शालनवहिनी म्हणाल्या, "साठ. दुसरा किती आसणार? गाडी लॉक हाय न्हवं आपली."

त्या गुडघ्यांवर बसून हातांनी रवा गोळा करत होत्या. त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. डोळे आता हसत नव्हते. डुबलही माझ्याकडे पाहत होते.

मी खाली वाकून डॅशबोर्डाखाली हात घातला. गव्हर्नरचा डबा होता, डुबल म्हणत होते तसाच. त्याची वायर मात्र मधोमध कापलेली होती. कापलेली टोकं काळी पडली होती, म्हणजे आधीच्या मालकाच्या ड्रायव्हरने कधीतरी कात्री लावली असणार. कंपनीच्या लोकांना वेळेवर पोचायचं असतं. मी वर आलो. हाताला काळं लागलं होतं, ते मी रुमालाला पुसलं.

"कनेक्शन जरा सैल वाटतंय," मी म्हणालो.

ती माझी पहिली थाप. ती निघून गेल्यावर दुसरी सोपी झाली.

"आणि डुबल, एक गोष्ट मघाशी राहिली. कॅम्पर व्हॅनलाही गव्हर्नर लागतो. साठाला लॉक करून सील लावल्याशिवाय मला तुमचा अर्ज मंजूर करता येणार नाही."

त्यांचा हात सीटच्या शेजारी ठेवलेल्या पिशवीकडे गेला. पुस्तक त्या पिशवीतच होतं. तासाभरापूर्वी याच माणसाने मला तेच पान वाचून दाखवलं होतं, आणि मी "बरोबर आहे" म्हणालो होतो.  एकोणीस वर्षांत मी नियम वाकवला नव्हता, आणि वाकवला तो ज्याला नियम पाठ आहे अशा माणसासमोर. डुबलांची बोटं पिशवीच्या बंदावर थोडा वेळ थांबली. मग त्यांनी हात मागे घेतला.

"लागत आसंल," ते म्हणाले. "नवीन परिपत्रक आलं आसंल."

"हो," मी म्हणालो. "नवीनच आहे."

"मंग लावा की साहेब सील."

परत येताना गाडी चाळीसने आली.  मला वाटलं, ट्रॅक्टरने घाबरले असतील.

ऑफिससमोरच्या वायरमनला मी गाठलं आणि नवी वायर टाकून घेतली, डुबल तेव्हा बाहेर नळावर हातपाय धूत होते. मग आम्ही पुन्हा त्याच रस्त्याने जाऊन आलो. पाय तळाला टेकला, काटा साठला येऊन थांबला, इंजिनाचा सूर बसला.  आवारात आल्यावर मी ऑफिसातून पकड, तार आणि शिसं आणलं. डब्याच्या स्क्रूंमधून तार ओवली, शिशाचा मणी दाबला. त्याच्यावर आमच्या ऑफिसची खूण उमटली.

"हे तोडायचं नाही," मी म्हणालो.

"एस.टी.चा माणूस हाय साहेब. सील तोडत नसतो."

आता कागद. तोंडाने थाप मारणं मला जमलं, पण लिहायला हात धजेना. कॅम्परला गव्हर्नर बंधनकारक असं मी लिहिलं असतं तर ते धादांत खोटं झालं असतं, आणि उद्या कुणी विचारलं असतं तर मला कुठलंही पोटकलम वाचवू शकलं नसतं. म्हणून मी शेऱ्यात लिहिलं: 'मालकाच्या विनंतीवरून वेगनियंत्रक ताशी साठवर सीलबंद करण्यात आला. चाचणी समाधानकारक.' नोटिसीवर लिहिलं की यंत्रणेत बिघाड होता, तो दुरुस्त केला आहे, दंड भरून घ्यावा, निलंबनाची गरज नाही. प्रत त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती न वाचता घडी करून पुस्तकात ठेवली. न वाचता, असं मला वाटलं.

निघताना शालनवहिनींनी पुन्हा चहाचं विचारलं नाही. गाडीच्या दारात त्या थोड्या रेंगाळल्या. "साहेब," एवढंच म्हणाल्या, आणि आत गेल्या.

पुढे कित्येक दिवस वर्तमानपत्र उघडलं की मी अपघाताच्या बातम्या आधी वाचायचो. कुठे मिनीबस, कुठे पांढरी व्हॅन असं दिसलं की आधी गाडीचा नंबर शोधायचो. सील काढून टाकायला दोन रुपयांची पकड पुरे. मुलगा म्हणेल, बाबा, कशाला हे लोढणं? मित्र म्हणेल, मोटारीला सत्तर आहेत, साठावर का रखडत चाललाय? मी एका माणसाच्या पायाची सवय ओळखून त्याचं लायसन त्याच्याकडे ठेवलं होतं, आणि मध्ये होता शिशाचा एक मणी. चुकलो असेन तर माझ्या चुकीची किंमत रस्त्यावरचा तिसराच कुणी भरणार होता. हे मी कुणाला सांगू शकलो नाही. बायकोलासुद्धा नाही.

अशी सात वर्षं गेली. मी निवृत्त झालो. गेल्या फाल्गुनात फोन आला.

"साहेब, मी शालन डुबल. ते गेले. दिवाळीच्या आदी. बसल्या बसल्या गेले, तरास न्हाय झाला." मी काही बोलायच्या आत त्यांनी पुढचं सांगितलं. "गाडी इकायची हाय. घेणारा म्हणतो, ते सील काढून द्या, ह्याला त्ये लागत न्हाय. मी म्हनलं, ज्यानं लावलंय त्योच काढंल."

मी एस.टी.ने गेलो. गाडी लॉक होती, पोचायला उशीर झाला. चिंचेखाली ती पांढरी व्हॅन उभी होती, पडदे नवे. शालनवहिनी काठी घेऊन पायऱ्यांशी उभ्या होत्या. मी आत चढलो. ओट्यावरचा गावांचा कागद पिवळा पडला होता. त्रेचाळीसही नावांसमोर पेन्सिलीच्या खुणा होत्या. बऱ्याच नावांसमोर दोन-दोन.

"दोनदा?"

"गावंच तशी हायती. एकदा बघून भागत न्हाय," त्या म्हणाल्या. "चौदावं गाव तीनदा केलं. ती म्हातारी आता न्हाय. तिचं घर दावलं ह्यांनी."

मी खाली वाकून डबा पाहिला. तार गंजली होती. शिसं जसंच्या तसं होतं, आमच्या ऑफिसची खूण बोटाला लागत होती. मी वर आलो आणि तेव्हा माझं लक्ष डॅशबोर्डाकडे गेलं. पितळी बिल्ला नव्हता. तिथे स्क्रूंची दोन भोकं होती आणि बिल्ल्याच्या मापाचा एक फिकट चौकोन.

"बिल्ला कुठे गेला, वहिनी?"

"तो? तो त्यांनी काढला." त्यांनी कपाट उघडून एक चपटा डबा बाहेर काढला. बिल्ला त्यात होता, कापडात गुंडाळलेला. "तुमच्याकडनं घरी आलो त्या दिवशीच काढला. पायातली चप्पलबी काढली नव्हती, आदी स्क्रू-डायवर घेतला. मी म्हनलं, आवो, कशापायी? तर म्हनले, ह्यो आता माझा न्हाय. मंग पुना कंदी लावला न्हाय."

मी पलंगाच्या कडेवर बसलो. वहिनींनी त्याच कपाटातून ते जाडजूड पुस्तक काढून माझ्यापुढे ठेवलं. तिकिटांच्या खुणा तशाच होत्या. कॅम्परच्या पानावर माझ्या शेऱ्याची प्रत होती. 'मालकाच्या विनंतीवरून' या शब्दांखाली त्यांनी पट्टी धरून रेघ मारली होती. आणि अगदी खाली, जिथे कुणीही सही मागितली नव्हती तिथे, निळ्या शाईत लिहिलं होतं:

'माझी विनंती आहे. यशवंत डुबल.' तारीख त्याच दिवशीची.

 सात वर्षं मी समजत होतो की मी एका म्हाताऱ्याला फसवलं. त्याने माझं खोटं घरी नेऊन खरं करून ठेवलं होतं, सही करून.

"मला म्हनले, शालन, साहेबाचं परिपत्रक खोटं हाय. पर कुनाम्होरं काडायचं न्हाय. त्यानं माझ्यासाटनं स्वताचं नाक कापून घेतलंय." वहिनी पदराने डोळे टिपत होत्या, आणि हसतही होत्या. "सोयरेधायरे चिडवायचे. सत्तर जाऊ द्या की! हे म्हनायचे, गाडी लॉक हाय."

मी पकड काढली. तार गंजलेली असल्यामुळे पहिल्या दाबातच तुटली. शिशाचा मणी माझ्या हातात आला. वहिनींनी तळवा पुढे केला, मी तो त्यात ठेवला. त्यांनी तो बिल्ल्याशेजारी डब्यात टाकला आणि झाकण लावलं.

मग त्यांनी शेगडी पेटवली, मला न विचारता. चहाचा कप माझ्यापुढे ठेवला. तपासणी चालू होती की संपली होती मला सांगता आलं नसतं, मी कप उचलला.

"साहेब, एक इचारू?" त्या समोर बसल्या. "त्या दिवशी मला मागनं काटा काय दिसला न्हवता. तोंडाला आलं ते बोलले. खरा किती व्हता?"

"सत्त्याऐंशी," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग मान हलवली.

"अठ्ठ्याऐंशी व्हता. ब्रेक मारताना त्यांनी काटा बघितला व्हता, घरी आल्यावर सांगितला मला," त्या म्हणाल्या. "तुमी आजूनबी त्यांचा एक कमीच करताय."